डेक-प्रवाशाची रात्र

बंगळूरच्या आग्नेय अंगास असलेले बेळ्ळंदूर कोणत्याही समुद्रकिनाऱ्यापासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पाणी म्हणावयाचे तर गावाजवळचे तळे तेवढे. तरीही आगबोटींच्या इतिहासातील एका जुन्या प्रश्नाची ओळख तेथे संध्याकाळच्या वेळी सहज होते. वर्तुळमार्गाच्या कडेला रात्रीच्या खासगी बसगाड्या येऊन थांबतात आणि पाठीवर पिशवी घेतलेली तरुण मंडळी त्यांत चढतात. कोणी आडवे होण्याचे भाडे भरलेले असते, कोणी नुसते बसण्याचे. या दोन भाड्यांतील फरक म्हणजे त्या रात्रीच्या झोपेची किंमत होय. बसमध्ये ज्याला ती परवडत नाही त्याला निदान आसन तरी मिळते. आगबोटीत मात्र त्याच्या वाट्याला येई ती उघडी तक्तपोशी, आणि तिच्यावरची आपली जागा त्याने आपणच धरावयाची.

मराठी माणसास याचे उदाहरण परक्या मुलखात शोधावे लागत नाही. मुंबई-पणजी ही आगबोटींची वाट विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत वाहती होती. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी, त्यांच्यामागून चौगुल्यांच्या, आणि शेवटी मोगल लाइनच्या ‘कोकण सेवक’ व ‘कोकण शक्ती’ अशा तीन पिढ्या या वाटेवर झाल्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी पणजीस लागे. वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे येत. पुष्कळ ठिकाणी बोट खोल पाण्यातच उभी राही आणि उतारू पडावातून ये-जा करीत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे.

केबिनीत जाणारे उतारू थोडे. बहुसंख्य चाकरमानी, त्यांची बायकामुले आणि त्यांचे सामान यांचा मुक्काम डेकवर. बोटीवर पाय ठेवताच पहिले काम म्हणजे वळकटी सोडून सतरंजी अंथरणे. जो आधी अंथरील त्याची जागा, हा तेथला अलिखित कायदा. त्यात वारा कोणत्या अंगाने येतो, यंत्राची धग कोठे लागते, संडास किती जवळ आहे आणि तो किती जवळ असावा, याचे बारीक ज्ञान जुन्या उतारूंना असे. नवख्याच्या वाट्याला जिन्याच्या तोंडाशी असलेली जागा येई आणि रात्रभर त्याच्या पायांवरून माणसे जात. ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला तो अशाच रात्रींच्या अनुभवातून. नांगर टाकलेल्या बोटीला पडाव भिडले की मध्यरात्रीसुद्धा सारा डेक जागा होई. कोणी उतरे, कोणी चढे, आणि रिकाम्या झालेल्या चार फुटांसाठी पुन्हा घासाघीस सुरू होई. या प्रवासाच्या आठवणी पुढे गोड मानल्या गेल्या, हा स्मृतीचा उदारपणा. लहान मूल मांडीवर घेऊन बसल्या-बसल्या रात्र काढणाऱ्या बाईला त्या वेळी त्यात काही गोड वाटले असेल असे दिसत नाही.

सरकारदरबारी या उताऱ्याला एक स्वतंत्र नाव होते. 1958 च्या व्यापारी नौवहन कायद्याने बारा वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या आणि केबिनीत किंवा दिवाणखान्यात स्वतंत्र जागा राखून न ठेवलेल्या प्रवाशाची निराळी व्याख्या केली. असे तीसपेक्षा अधिक प्रवासी नेणारी यांत्रिक नौका निराळ्या नियमांखाली आणली. ही कल्पना त्याहून जुनी आहे. मुंबईहून जेद्दाहला जाणाऱ्या हजच्या बोटींत हजारो यात्रेकरू डेकवर निजत. समुद्रमार्गाची ती यात्रा 1995 साली बंद झाली. अशा बोटींसाठी 1931 साली सिमला नियम झाले, पुढे 1971 साली लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 1973 साली केवळ जागेच्या मापांसंबंधी त्याला पुरवणी जोडण्यात आली. या साऱ्या नियमांच्या मुळाशी एकच साधा विचार आहे: प्रवाशाला पलंग देता येत नसेल, तर निदान त्याच्या वाट्याची जमीन चौरस मापाने मोजून राखून ठेवावी. ती जागा मालाच्या गोण्यांनी किंवा जास्तीच्या तिकिटांनी खाऊन टाकता कामा नये.

सर्वांनाच केबिनी का देत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. केबिन म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. प्रत्येक केबिनीला आगीला दाद न देणारे पडदे हवेत, धोक्याची घंटा हवी, वारा खेळवणारी नळी हवी आणि अंधारातही सापडेल अशी बाहेर पडण्याची वाट हवी. हे सारे वजन बोटीच्या वरच्या मजल्यांवर चढते. जितके वजन वर, तितकी बोट डुलण्यास अधीर. त्यामुळे केबिनींची संख्या वाढली की बोटीचा आकार वाढतो, त्याबरोबर इंधनाचा खर्च आणि शेवटी भाडेही वाढते.

मोकळा डेकही निर्धोक नसतो. पेटी जेथे ठेवावी तेथेच राहते, माणूस राहत नाही. पावसाची झड एका अंगाने आली की सारा समुदाय दुसऱ्या अंगास सरकतो आणि बोटीचा तोल त्याच्याबरोबर जातो. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. ती दिवसाची, थोड्या पल्ल्याची फेरी होती. परंतु खवळलेल्या समुद्रात उतारूंनी भरलेल्या बोटीचा तोल किती थोडक्यात जातो, हे त्या दिवशी साऱ्या कोकणास कळले. जागा मोजून देण्याचा नियम सुखासाठी आहे तसा जिवासाठीही आहे. तो कागदावरच राहिला तर त्याचा काही उपयोग नाही, हेही ओघानेच आले.

केबिन आणि मोकळा डेक यांच्यामधली सोय आज लक्षद्वीपच्या बोटींत पाहावयास मिळते. या द्वीपसमूहातील वस्तीची बेटे दहा आणि विमानतळ एकट्या अगत्तीवर. तेव्हा बाकीच्यांची मुख्य भिस्त कोचीहून येणाऱ्या बोटींवरच. ‘कवरत्ती’ ही 700 उतारूंची नौका. तीत पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या केबिनी आहेत आणि त्यांशिवाय एका मोठ्या दालनात एकावर एक बसवलेल्या निजण्याच्या फळ्यांचा ‘बंक’ वर्ग आहे. बेटकऱ्यांना सवलतीचे भाडे पडते. कोचीच्या इस्पितळात तपासणीस निघालेला वृद्ध किंवा परीक्षेला निघालेला विद्यार्थी या फळीवर पाठ टेकू शकतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसमोर किंवा परीक्षागृहात तो कोणत्या अवस्थेत बसणार, हे पुष्कळसे त्या फळीवर अवलंबून असते.

जपानी लोकांनी याहूनही साधा उपाय काढला. तोकियोपासून सुमारे 1000 किलोमीटरांवरील ओगासावारा बेटांस जाणारी बोट चोवीस तास घेते. तिच्या सर्वांत स्वस्त वर्गात पलंगही नाही, फळीही नाही. जाजम अंथरलेली जमीन आणि तीवर आखून दिलेली प्रत्येकाची क्रमांकित जागा, एवढेच. स्त्रियांसाठी निराळा भाग असतो. अशा सामुदायिक निजेला त्यांच्या भाषेत ‘झाकोने’ म्हणतात, म्हणजे बारीकसारीक मासळी एकत्र पसरावी तसे निजणे. मासळीचा वाटा मांडलेला ज्याने पाहिला आहे, त्या कोकणी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. फरक इतकाच की तेथे जागा धरण्यासाठी धावावे लागत नाही.

मुंबई-गोवा वाटेवर 2018 च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ नावाची नौका सुरू झाली, तेव्हा जुन्या उतारूंच्या मनात डेकची सतरंजी जागी झाली असेल. पण ती सहलीची बोट होती. तिच्यातील सामुदायिक दालनातल्या शय्येचे भाडेही हजारांत होते, आणि पुढे ती सेवाही थांबली. सहलीच्या बोटीने स्वस्त उताऱ्याची सोय करावी अशी अपेक्षा नाही. परंतु किनाऱ्यावर रात्रीची प्रवासी वाहतूक पुन्हा उभी करण्याचे जेव्हा मनावर घेतले जाईल, तेव्हा सामान्य दालन बोटीच्या मध्यभागी, खालच्या अंगास असावे लागेल, कारण हेलकावा तेथे सर्वांत कमी आणि टोकांना सर्वांत अधिक जाणवतो. आजवर टोके आणि यंत्राची भिंत हीच डेकवाल्यांच्या वाट्याला आली आहेत. बांधून झालेल्या बोटीत दालन हलवता येत नाही. म्हणून आडवे होण्याच्या किती जागा, कोठे आणि कोणत्या भाड्याने, हे परवान्याच्या अटींत नकाशा मंजूर होण्याआधीच लिहिलेले असले पाहिजे.