दीड मीटरची वाट, 95 हजार कुत्रे

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, लांबी साधारण 180 नॅनोमीटर. असे साडेपाच हजार एका ओळीत लावले, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो. त्याची जनुकं अवघी 5, सगळा मजकूर जेमतेम 12 हजार अक्षरांचा. माणसाच्या जनुकसंचात 3 अब्ज अक्षरं असतात. तरी लक्षणं दिसू लागली की या 12 हजारांपुढे 3 अब्जांचं जवळजवळ कधीच काही चालत नाही.

कुत्रं घोट्याला चावलं, तर तिथून मेंदू सुमारे दीड मीटरवर. विषाणूला स्वतःचं बळ नाही. मज्जातंतूंच्या आत पेशीची मालवाहतूक अखंड चालू असते, तिच्यावरच तो स्वार होतो आणि दिवसाला 5 ते 10 सेंटिमीटर सरकतो. ही वाट त्याच्या लांबीच्या 83 लाख पट आहे. साडेपाच फुटी माणसाला त्याच हिशेबानं चालायचं तर 14 हजार किलोमीटर जावं लागेल. ही वाट धरण्याआधी विषाणू कित्येकदा स्नायूतच रेंगाळतो, म्हणून लक्षणं दिसायला बहुधा 1 ते 3 महिने जातात. मेंदूत शिरल्यावर मात्र घोटभर पाणी समोर आलं तरी घशाला आचके येतात. आणि गंमत नव्हे, भयंकर गोष्ट ही की मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा धडधाकटच दिसतात; बिघडलेलं असतं ते त्यांचं काम.

जगात दरवर्षी अंदाजे 59 हजार माणसं रेबीजनं मरतात. त्यांतली 40 टक्के पंधरा वर्षांखालची मुलं. मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो, आणि चेहऱ्यापासून मेंदू किती जवळ!

गोव्यानं ही लढाई माणसाच्या मेंदूपाशी नव्हे, कुत्र्यांपाशी लढायचं ठरवलं. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांच्या मोहिमेत 2017पासून वर्षाला सुमारे 95 हजार कुत्र्यांना लस दिली जाऊ लागली. 2011च्या जनगणनेत अख्ख्या पेडणे तालुक्यात माणसं होती 75,747, डिचोलीत 97,955. म्हणजे पेडण्याच्या लोकसंख्येहून जास्त कुत्रे, दर वर्षी, पुन्हा पुन्हा! वाड्यावाड्यांवर मोठ्या जाळ्यानं भटकं कुत्रं धरायचं, सुई टोचायची, अंगावर रंगाचा पट्टा ओढायचा, मोबाइलवर जागेची नोंद करायची आणि सोडून द्यायचं. मग दुसऱ्या पथकानं फिरून रंगवलेले किती, कोरे किती ते मोजायचं. 100पैकी 70 कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या घटनांचं महिन्याकाठचं प्रमाण 92 टक्क्यांनी घटलं. 2018 आणि 2019 मध्ये गोव्यात रेबीजनं एकही माणूस दगावला नाही. 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं.

पण पेडण्याला लागून महाराष्ट्राची सावंतवाडी, डिचोलीला लागून महाराष्ट्राचंच दोडामार्ग. कुत्र्याला हद्द ठाऊक नसते, त्यामुळे ही मोहीम एका वर्षासाठीही थांबवता येत नाही.

आणि चावा झालाच, तर जखमेवर चुना, हळद, तिखट काही लावू नये. साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवावी, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कातडीत टोचायची लस 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी. चाव्यातून रक्त आलं असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती सीरमही. विषाणू अजून वाटेत असतो.