पाण्याखालची हिरवळ

काचेच्या टाकींत मासे पाळण्याची हौस शहरांतल्या घरांना नवी नाहीं. परंतु अलीकडे या हौसेला एक निराळेंच वळण लागलें आहे. पूर्वीं टाकींत मासा मुख्य आणि वनस्पति शोभेपुरती असे. आतां कित्येक घरीं वनस्पति हीच मुख्य झाली असून मासा तिच्या सोबतीला आला आहे. तळाशीं मखमलीसारखी हिरवळ, तिच्यांतून डोकावणारे दोनचार दगड आणि त्यांवरून मंदपणें फिरणारा बारीक माशांचा थवा, असें दृश्य आपल्या दिवाणखान्यांत असावें असें पुष्कळांना वाटतें. ही हिरवळ ज्या वनस्पतींची होते त्यांना बाजारांत ‘कार्पेट प्लँट’ म्हणतात. मराठींत त्यांना गालिचा-वनस्पति म्हणावयास हरकत नाहीं. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारांतून हौशी गृहस्थ हीं रोपें मोठ्या उत्साहानें घरीं आणतो. पहिले आठ दिवस तीं टवटवीत दिसतात. मग पानें पिवळीं पडतात, कांचेसारखीं पारदर्शक होतात आणि विरघळूं लागतात. महिन्याभरांत शेवाळानें माखलेली वाळू तेवढी शिल्लक राहते. पैसा गेला, श्रम गेले आणि हिरवळ कांहीं धरली नाहीं. असें कां व्हावें?

या प्रश्नाचें उत्तर टाकींत शोधण्यापेक्षां एखाद्या भातखाचराच्या बांधावर शोधलें तर लवकर सांपडतें. मध्य रेल्वेनें अंबरनाथ सोडून बदलापूरकडे जातांना वाटेंत चिखलोली लागते. गेल्या कांहीं दशकांत या टापूंत इमारतींची दाटी झाली आहे. तरी चिखलोलीचें धरण, त्याला मिळणारे ओढे आणि आसपासची सखल जमीन यांमुळें पाणथळ कोंकणाचें रूप तेथें अजून ओळखतां येतें. गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति कांहींही असो, त्यांत चिखल हा शब्द स्पष्ट ऐकूं येतो. आणि प्रस्तुत विषयाचें सारें मर्म त्या एका शब्दांत सांठवलेलें आहे.

कोंकणांतल्या अशा पाणथळ जागेचें वर्ष दोन भागांत विभागलेलें असतें. मृगाचा पाऊस पडला कीं सखल जमिनींत पाणी तुंबतें आणि खाचराची कड कधीं बोटभर तर कधीं गुडघाभर पाण्याखालीं जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाणी ओसरतें आणि चिखल उघडा पडतो. या उघड्या, ओल्या, उन्हानें न्हालेल्या चिखलावर ज्या ठेंगण्या वनस्पति पसरतात त्यांची गणना लांबलचक आहे. जाड, गुळगुळीत पानांची नीरब्राह्मी. चार पानांचा फुलासारखा झुबका धरणारें मार्सिलिया नांवाचें नेचें, ज्याला जुन्या वैद्यकग्रंथांत सुनिषण्णक म्हटलें आहे. केसासारख्या बारीक पात्यांचें एलिओकॅरिस. तांबूस देंठाची रोटाला. पांढऱ्या गोंड्यांचा गेंद. पाणी चढलें कीं यांपैकीं कांहीं बुडूनही तग धरतात, कांहीं बीज मागें ठेवून जातात. पाणी उतरलें कीं पुन्हा भूमि व्यापतात. त्यांचें घर पाणी नव्हे आणि कोरडी जमीनही नव्हे. दोहोंच्या मधला कांठ हें त्यांचें घर होय.

बाजारांत विकल्या जाणाऱ्या गालिचा-वनस्पति परदेशच्या असल्या तरी त्यांचा आयुष्यक्रम असाच आहे. ग्लॉसोस्टिग्मा ही ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील तळ्यांच्या कांठची. जिचें पान एकदोन मिलिमीटरांहून मोठें नसतें ती हेमिअँथस क्यूबा बेटांतल्या ओढ्यांची. ‘माँटे कार्लो’ नांवानें विकली जाणारी मूळची दक्षिण अमेरिकेंतील. गवतासारखी दिसणारी युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया तर आपल्याच देशांत आणि पूर्वेकडील अनेक देशांत दलदलींत उगवते; सूक्ष्म जीव पकडून खाणाऱ्या ज्या वंशांतली ती आहे त्याच वंशांतली ‘सीतेची आसवें’ साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यांत निळीजांभळीं फुलें घेऊन उभी असते. थोडक्यांत, मनुष्य ज्यांना जलवनस्पति समजून पाण्यांत बुडवितो त्या बहुतेक कांठाच्या वनस्पति आहेत. ही गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे त्यांचें रुसणेंही कळतें आणि समजूत घालण्याचा मार्गही सांपडतो.

पहिलें रुसणें पानें विरघळण्याचें. रोपवाटिकांतून हीं रोपें बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेंत वाढविलेलीं असतात, कारण तेथें तीं झपाट्यानें वाढतात. हवेंत वाढलेल्या पानावर ओलावा राखणारा मेणचट थर असतो आणि हवा आंत घेण्यासाठीं सूक्ष्म रंध्रें असतात. असें पान पाण्यांत बुडालें कीं त्याची ही सारी रचना निरुपयोगी ठरते. वनस्पति तें टाकून देते आणि पातळ, मऊ, पाण्यांतून थेट वायु शोषूं शकेल असें नवें पान काढते. अनुभव नसलेला गृहस्थ नेमका याच संधिकाळांत रोपें मेलीं असें समजून उपटून फेकतो. देंठ हिरवा व मुळें पांढरीं असतील तर रोप जिवंत आहे. सडलेलीं पानें तेवढीं काढून वाट पाहावी.

दुसरें संकट भुकेचें आहे. वनस्पतीचें मुख्य अन्न कार्बन डायऑक्साइड अर्थात् कर्बवायु. 1779 सालीं यान इंगेनहाउस या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं पाण्यांत बुडविलेलीं हिरवीं पानें सूर्यप्रकाशांत प्राणवायूचे बुडबुडे सोडतात आणि अंधारांत तें काम थांबतें. पुढें 1850 च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननें मासे, वनस्पति आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाण्यांतला समतोल कसा राखतां येतो याचें विवेचन केलें, आणि घरगुती मत्स्यालयाचा पाया घातला गेला. परंतु माशाच्या श्वासांतून मिळणारा कर्बवायु गालिचा-वनस्पतीला पुरत नाहीं. हवेशीं समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यांत हा वायु अर्ध्या मिलिग्रामाहून किंचित् अधिक असतो. शिवाय पाण्यांत वायूचा प्रसार हवेंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं मंद होतो. उंच वनस्पति आपलीं पानें पृष्ठभागापर्यंत नेऊन हवेंतला वायु मिळवितात. ठेंगणीला तें साधत नाहीं. तळाशीं पडणारा प्रकाशही तिला कमीच मिळतो.

या अडचणीवर जपानच्या ताकाशी अमानो यांनीं उपाय रूढ केला. 1954 सालीं जन्मलेले आणि 2015 सालीं निवर्तलेले हे छायाचित्रकार. दगड, लांकूड आणि हिरवळ यांचीं निसर्गदृश्यें टाकींत रचण्याची कला त्यांच्यामुळें जगभर पसरली. नळकांड्यांतला कर्बवायु बारीक बुडबुड्यांच्या रूपानें पाण्यांत सोडणें हा त्यांच्या पद्धतीचा कणा होय. लिटरमागें 20 ते 30 मिलिग्राम हें प्रमाण साधारणपणें योग्य मानतात. त्याहून फार वाढविल्यास मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतात. दिवा लागण्यापूर्वीं तासभर वायु सुरू करावा आणि दिवा मालवतांना बंद करावा, कारण अंधारांत वनस्पति तो घेत नाहीं. लहान टाकीला साखर आणि यीस्ट बाटलींत आंबवून निघणारा वायुही चालतो. मात्र त्याचा पुरवठा एकसारखा राहत नाहीं, आणि या चढउताराचा फायदा शेवाळ घेतें.

लागवडीचा सर्वांत भरवशाचा मार्ग मात्र खाचराच्या कडेनेंच शिकविलेला आहे. टाकींत प्रथम पाणी भरूंच नये. एक ते तीन मिलिमीटर दाण्याची पोषक माती सुमारें पांच सेंटिमीटर जाड पसरावी आणि ती चिंब होईल पण वर पाणी सांचणार नाहीं इतकीच भिजवावी. रोपांचे बोटाच्या पेराएवढे लहान झुबके करून लांब चिमट्यानें दोनदोन सेंटिमीटरांवर रोंवावे. टाकीचें तोंड प्लॅस्टिकच्या कागदानें झांकावें, रोज थोडा वेळ उघडून हवा खेळूं द्यावी, फवाऱ्यानें पाणी शिंपडावें, आणि रोज आठदहा तास दिवा लावावा. बुरशी दिसली तर शिंपडणें कमी करून हवा वाढवावी. या रीतीनें पांच ते आठ आठवड्यांत मुळें माती घट्ट धरतात आणि जमीन हिरवी होते. मगच सावकाश पाणी चढवावें, आणि त्याच दिवसापासून कर्बवायु सुरू करावा. पहिल्या पंधरवड्यांत दर दोनतीन दिवसांनीं निम्में पाणी बदलावें, म्हणजे मातींतून सुटणारें क्षार शेवाळाला मिळत नाहींत. नळाच्या पाण्यांत क्लोरिन असतो. मासे सोडण्यापूर्वीं, छायाचित्रकार ज्याला ‘हायपो’ म्हणतात त्या सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालून तो नाहींसा करतां येतो.

उन्हाळा हा कोंकणांतल्या गालिच्याचा मोठा वैरी. या वनस्पतींना 22 ते 26 अंश सेल्सिअस तपमान मानवतें. चैत्र-वैशाखांत बंद खोलींतलें पाणी तीस अंशांच्या वर सहज जातें. ऊन पाण्यांत वायु कमी विरघळतो आणि श्वसन मात्र वाढतें. म्हणजे मिळकत घटली असतां खर्च वाढावा तशी वनस्पतीची स्थिति होते. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला तर बाष्पीभवनानें दोनतीन अंश उतार पडतो. दिव्याचे तासही कमी करावेत.

आतां कोमेजलेल्या गालिच्याविषयीं. औषधापूर्वीं निदान करावें हा वैद्याचा नियम येथेंही खरा आहे. कोंवळीं पानें फिकट पिवळीं व जुनीं हिरवीं असतील तर बहुधा लोहाची उणीव असते. जुन्या पानांवर सुईनें टोंचल्यासारखीं भोकें पडलीं तर पोटॅशियमची. रोपें आडवीं न पसरतां लुकडीं होऊन वर धांवूं लागलीं तर प्रकाश अपुरा आहे, किंवा एखाद्या उंच वनस्पतीची सावली पडते आहे. जागोजाग गालिचा सुटून तरंगूं लागला तर दोष दाटीचा असतो: थरावर थर चढून खालचा थर अंधारांत कुजतो आणि वरचा मुळांवांचून अधांतरीं राहतो. म्हणून हिरवळ दोनतीन सेंटिमीटर जाड झाली कीं वांकड्या कात्रीनें निम्मी छाटावी. छाटणीनें ती मरत नाहीं, उलट प्रत्येक पेरांतून नवा कोंब फुटतो. निळसर हिरव्या, बुळबुळीत, दुर्गंधि थरानें हिरवळ झांकली असेल तर तो थर शोषून काढावा, टाकी तीन दिवस पूर्ण अंधारांत ठेवावी आणि नंतर पाणी बदलावें.

इतक्यानेंही गालिचा सांवरला नाहीं तर शेवटचा उपाय ऋतु पालटण्याचा. मासे दुसऱ्या भांड्यांत हलवावेत. कुजलेला भाग उचलून टाकावा; हिरवा देंठ आणि एखादें मूळ असलेले तुकडे निवडून पुन्हा रोंवावे; मग पाणी मातीच्या पातळीपर्यंत उतरवून टाकी झांकावी. बुडून गुदमरलेल्या वनस्पतीला हवा आणि चिखल दोन्हीं एकदम मिळतात. पाण्यांत महिनोन् महिने न सुधारलेला गालिचा अशा रीतीनें कित्येकदां तीनचार आठवड्यांत सांवरतो.

या हौसेचें एक पथ्य मात्र टाकीच्या बाहेरचें आहे. छाटलेले तुकडे आणि बदललेलें पाणी कोठें जातें? एका पेरापासून नवें रोप होणें हा टाकींत गुण आहे. नाल्यांत, धरणांत किंवा नदींत तोच दोष ठरतो. दक्षिण अमेरिकेंतली जलपर्णी सुंदर फुलाच्या लोभानें देशोदेशीं नेली गेली; बंगालमध्यें तिनें एवढा उच्छाद मांडला कीं तिच्याविरुद्ध 1936 सालीं कायदा करावा लागला. आज कर्जत-बदलापूरवरून वाहत येणाऱ्या आणि लाखो लोकांची तहान भागविणाऱ्या उल्हास नदीच्या पात्रावर उन्हाळ्यांत त्याच जलपर्णीची चादर पसरलेली दिसते. गालिचा-वनस्पतिही या बाबतींत निर्दोष नाहींत; ग्लॉसोस्टिग्मा वंशांतली एक परकी जात अमेरिकेंतील कनेटिकट राज्याच्या तळ्यांत शिरून तळाशीं पसरली आहे. चिखलोलीच्या धरणाचें पाणी अंबरनाथच्या पाणीपुरवठ्यासाठीं वापरलें गेलें आहे. अशा गांवीं टाकींतली मूठभर हिरवळ ओढ्यांत फेकणें म्हणजे स्वतःच्या माठांत कचरा टाकण्यासारखें आहे. छाटलेले तुकडे उन्हांत कडकडीत वाळवून कुंडीच्या खतांत घालावेत आणि टाकीचें पाणी कुंड्यांनाच द्यावें. माशांच्या मळानें तें सकस झालेलें असतें.

नव्यानें हा नाद लागलेल्यानें परदेशची दुर्मिळ जात आणण्यापूर्वीं भाताच्या बांधावरची नीरब्राह्मी किंवा मार्सिलिया लावून पाहावी; शेतकरी जें तण म्हणून उपटून टाकतो त्यांतले चार झुबके स्वच्छ धुवून, पंधरा दिवस वेगळ्या भांड्यांत ठेवून मग टाकींत घेतले तर खर्च जवळजवळ कांहींच नाहीं. अशी वनस्पति येथल्या उन्हाला सरावलेली असते, आणि चुकून बाहेर गेलीच तर आपल्याच घरीं परत जाते.