वाचायला काय घेऊ? विज्ञानकथा सुचवणारे सहकारी

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा बहुतेक वेळा कुणीतरी नाव सुचवल्यामुळे वाचल्या जातात. सार्वजनिक ग्रंथालयात कथा, कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन अशी कपाटे असतात. विज्ञानकथेचे वेगळे कपाट क्वचितच दिसते. जयंत नारळीकर कथासंग्रहांत सापडतात, नारायण धारप भयकथांत, तर ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांची भा. रा. भागवतांनी केलेली भाषांतरे बालसाहित्यात. त्यामुळे ज्याला लेखकाचे नाव ठाऊक नाही, त्याच्या हाती पुस्तक लागत नाही. हे नाव सांगणारा माणूस अनेकदा कामावरचा सहकारी असतो, आणि सांगण्याची जागा आता मोबाइलवरचा ग्रुप झाली आहे.

बल्लारपूरसारख्या औद्योगिक गावात या ग्रुपचा उपयोग चटकन ध्यानात येतो. वर्धा नदीकाठचे हे गाव एकेकाळी गोंड राजांची राजधानी होते. आज ते कागद कारखाना, कोळसा खाणी आणि रेल्वे जंक्शनसाठी ओळखले जाते. कागद कारखान्याची कंपनी १९४५ साली स्थापन झाली. कारखाना, खाण आणि रेल्वे या तिन्ही ठिकाणी काम पाळ्यांमध्ये चालते. रात्रपाळी करून घरी निघालेला आणि सकाळच्या पाळीला आलेला यांची भेट होते ती हजेरीच्या वेळी, तीही घाईत. पुस्तकावर बोलायला तेवढा वेळ पुरत नाही. ग्रुपवर टाकलेला निरोप मात्र ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा वाचता येतो. चंद्रपूर पंधरा किलोमीटरवर असले तरी नागपूरची मोठी पुस्तकबाजारपेठ दीडशे किलोमीटरहून दूर आहे. दुकानात उभे राहून पुस्तके चाळण्याची सोय नसली, की चाळून झालेल्या माणसाचा शब्द महत्त्वाचा ठरतो.

ही रीत मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले आणि त्यातून वाचकमंडळे उभी राहिली. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभारलेल्या अर्पानेट या संगणक जाळ्यावर १९७९ साली ‘एसएफ-लव्हर्स’ ही विज्ञानकथाप्रेमींची टपाल-यादी सुरू झाली. जाळे संशोधनासाठी, आणि त्यावर गप्पा मात्र कादंबऱ्यांच्या, म्हणून हरकत घेतली गेली. एवढ्या मोठ्या संख्येने टपाल गेल्यावर यंत्रणा कशी चालते याची त्यातून चाचणी होते, असे समर्थन पुढे आले आणि यादी टिकली. कामाच्या संगणकावरून एकमेकांना विज्ञानकथा सुचवणे हा प्रकार अशा रीतीने आजच्या इंटरनेटच्याही आधीचा आहे.

महाराष्ट्रात हेच काम दिवाळी अंकांनी केले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे बँका, कारखाने आणि सरकारी कचेऱ्यांत कर्मचारी वर्गणी काढून अंक घेऊ लागले. एकेक अंक टेबलावरून टेबलावर फिरे आणि संच पुरा वाचून व्हायला उन्हाळा उजाडे. हाती आलेल्या अंकाच्या अनुक्रमणिकेवर आधीच्या वाचकाने पेन्सिलने केलेली खूण हीच शिफारस असे. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने आणि नंतर ‘धनंजय’ने रहस्य, भय आणि विज्ञान यांच्या कथांना हक्काची पाने दिली. ज्यांनी विज्ञानकथेचे पुस्तक कधी विकत घेतले नसते, त्यांच्यापुढे ती कथा अशी अंकातून येऊन पडली.

या कथांना लेखक मिळवून देण्यात मराठी विज्ञान परिषदेचा मोठा वाटा आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या. १९७४च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडा झाला, की जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी ते टोपणनाव घेतले होते, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून मजकूर पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून पाठवला होता. नामवंत खगोलशास्त्रज्ञाची कथा म्हणून नव्हे, तर कथा म्हणून ती निवडली गेली. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथांची प्रशंसा केली आणि या प्रकाराकडे साहित्यरसिकांचे लक्ष गेले. २०२१च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे होते. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले.

मराठी विज्ञानकथाकारांत नोकरीव्यवसायातली माणसे ठळक आहेत. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातले जीवशास्त्रज्ञ, सुबोध जावडेकर रासायनिक अभियंता, निरंजन घाटे भूशास्त्राचे अभ्यासक आणि आकाशवाणीत नोकरीला. प्रयोगशाळा, संयंत्र, साहेब आणि अहवाल त्यांच्या अनुभवातले आहेत. म्हणून कारखान्यातल्या किंवा खाणीतल्या वाचकाला या कथांमधले वातावरण परके वाटत नाही, आणि कथेत कुठे चुकले तेही त्याला चटकन कळते. बॉयलरवर काम करणारा माणूस दाब आणि तापमानाची थाप खपवून घेत नाही. अशा माणसाने ‘विज्ञान बरोबर आहे’ असे सांगितले, की त्या शिफारशीला समीक्षकाच्या लेखापेक्षा अधिक किंमत येते.

शिफारस करताना विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांतला फरक ध्यानात ठेवावा लागतो. विज्ञानकथा साधारणपणे एखादी कल्पना गृहीत धरते आणि बाकीचे जग ओळखीच्या नियमांनी चालू देते. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या एका जगात त्यांना चाटून जाते. एवढ्या एका फरकावरून सगळा इतिहास पालटतो. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे त्या पालटलेल्या मुंबईत जाऊन पोचतात, ग्रंथालयात बसून आपल्या ओळखीचा इतिहास नेमका कुठे फुटला ते शोधतात, आणि शेवटी या प्रकाराची सांगड पुंजभौतिकीशी घातली जाते. या कथेचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात असल्याने ती घरातल्या मुलांनाही माहीत असू शकते. अद्भुतकथेचे जग पहिल्या पानापासूनच वेगळे असते आणि त्याचे कायदे लेखक ठरवतो. तिथे ‘हे शक्य आहे का’ असे विचारण्यात अर्थ नसतो. लेखक स्वतःचे कायदे शेवटपर्यंत पाळतो का, एवढेच पाहायचे. एका प्रकारातला वाचक दुसऱ्यात रमेलच असे नाही. म्हणून सुचवणाऱ्याने पुस्तक कोणत्या प्रकारचे आहे ते आधी सांगितलेले बरे.

चांगली शिफारस चार-पाच ओळींत बसते. पुस्तकाचे व लेखकाचे नाव, लांबी, मूळ कल्पना, कुणाला रुचेल व कुणाला नाही, एवढे पुरते. उदाहरणार्थ: ‘सर, नारळीकरांची “गंगाधरपंतांचे पानिपत” वाचा. एका बैठकीत होते. पानिपत आपण जिंकलो असतो तर मुंबई कशी असती, एवढीच कल्पना आहे. विज्ञान शेवटी येते, तेही समजेल असे. इतिहासाचा कंटाळा असेल तर राहू द्या.’ यात शेवट फोडलेला नाही आणि ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’ असे विशेषणही नाही. नुसत्या मुखपृष्ठाच्या फोटोखाली अंगठा टाकला, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

कुणाला काय सुचवावे हे त्याच्या आधीच्या वाचनावरून ठरते. या प्रकाराची सवय नसलेल्याला कादंबरीपेक्षा कथा सोपी जाते. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह त्यासाठी योग्य. भयकथा आवडणाऱ्याला धारपांच्या ‘लुचाई’वरून त्यांच्याच ‘गोग्रॅमचा चितार’कडे नेता येते; भयातून अद्भुतात जाण्याची ती सोयीची वाट आहे. ‘तुंबाड’ हा २०१८चा चित्रपट पाहिलेल्यांना धारपांच्या कथेचा त्यामागे हात आहे, हे सांगितले तरी पुरते. घरी शाळकरी मूल असेल तर भागवतांची ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’. टॉल्किनची महाकादंबरी इंग्रजीत जड जात असेल, तर मुग्धा कर्णिक यांनी केलेले ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे भाषांतर आहे. पुढे काय वाचावे हेच सुचत नसेल, तर घाट्यांचे ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ हाती द्यावे; वाचनावरच्या त्या पुस्तकातून पुढच्या पुस्तकांची नावे मिळत जातात.

कामावरच्या ग्रुपला काही अडचणीही असतात. साहेबांनी पुस्तक सुचवले, की न वाचताच सगळे ‘छान आहे सर’ म्हणतात; मग कुणाला खरेच काय आवडले ते कळत नाही. वाचनासाठी वेगळा छोटा ग्रुप असला आणि त्यात नावडल्याचेही मोकळेपणाने सांगण्याची मुभा असली, तर हा प्रश्न सुटतो. दुसरी अडचण स्कॅन केलेल्या पीडीएफची. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. १९२८ साली वारलेल्या नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी त्यामुळे मुक्त आहे. धारप २००८ साली गेले आणि भागवत २००१ साली, तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या फुकट प्रती फिरवणे बेकायदा ठरते. कायदेशीर वाटा आता बऱ्याच आहेत. डिसेंबर २०१६पासून किंडलवर मराठी ई-पुस्तके मिळू लागली आणि २०१७च्या अखेरीस भारतात आलेल्या स्टोरीटेलवर मराठी पुस्तके ऐकता येतात. बसने कामावर जाणाऱ्याला किंवा डोळे थकलेल्याला ऐकण्याची सोय अधिक मानवते.

ग्रुपवरची शिफारस चार दिवसांत शुभेच्छांच्या आणि सूचनांच्या गर्दीत खाली जाते. म्हणून सुचवलेल्या पुस्तकांची यादी वेगळी ठेवावी लागते: पुस्तक, लेखक, सुचवणारा आणि प्रत कुणाकडे आहे, असे चार रकाने पुरतात. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते, आणि सभासदांनी मागितलेली पुस्तके खरेदीच्या वेळी विचारात घेतली जातात. सहकाऱ्यांनी आपली यादी गावच्या ग्रंथपालाकडे मागणी म्हणून दिली, तर एरवी एकेकट्याने विकत घ्यावी लागणारी पुस्तके वर्गणीत वाचायला मिळतात आणि ग्रुपबाहेरच्या वाचकांनाही ती कपाटात दिसू लागतात.