शाकारणी घरोघर व्हावी

कोकणपट्टीत मृग लागण्यापूर्वी घर शाकारण्याची रीत आहे. फुटके कौल वेळीच बदलले नाही, तर त्यातून झिरपणारे पाणी वासे कुजविते. आज घरोघरी पोचलेल्या मोबाईल फोनला हाच न्याय लागू आहे. कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तोच फोनमधील स्मृती, फाइली आणि अधिकार यांचा कारभार पाहतो. त्यालाच भोक पडले, तर बाकीची कुलुपे निरर्थक ठरतात.

ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्स कर्नेलमध्ये उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ हा दोष या दृष्टीने उद्बोधक आहे. अँड्रॉइड फोन आणि जगातील असंख्य सर्व्हर याच कर्नेलवर चालतात. एकच मजकूर अनेकांना वाचावयास द्यावा आणि कोणी त्यात बदल करू लागताच त्याच्या हाती नक्कल ठेवावी, हा तेथील शिरस्ता. मात्र बदल लिहिला जात असतानाच नक्कल फेकून देण्याची आज्ञा वारंवार दिली, की एखाद्या निसटत्या क्षणी लेखणी मूळ दस्तावरच चाले. केवळ वाचण्याची मुभा असलेला वापरकर्ता अशा रीतीने सर्वाधिकारी बनू शके!

२००७ सालापासूनच्या आवृत्त्यांना हा धोका होता. एका सर्व्हरवरील हल्ल्याचा माग काढताना तो उमगला. म्हणजे रखवालदाराआधी चोराला वाट सापडली होती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी दुरुस्ती करतानाच नमूद केले की, अकरा वर्षांपूर्वी आपण हा दोष घालविण्याचा प्रयत्न केला होता, पण तो नीट साधला नाही, आणि विशिष्ट जातीच्या मोठ्या संगणकांवर अडचणी आल्यामुळे ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. पुढे २०१७ मध्ये नव्या दुरुस्तीतही उणीव आढळली; तीही बुजविण्यात आली. आपली चूक दप्तरी नोंदविण्याचा हा प्रांजळपणा आमच्या राज्यकर्त्यांनीही गिरवावा असा आहे.

परंतु दुरुस्ती तयार होणे आणि ती घरोघर पोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. नवी कौले अंगणात रचून ठेवल्याने गळती थांबत नाही. फोन विकल्यावर काही वर्षांतच निर्माता पाठ फिरवितो आणि फोन चालू असूनही तो उघडा पडतो. याची झळ बसते ती नवा फोन घेण्याची ऐपत नसलेल्या सामान्य माणसाला. त्याच फोनवर त्याचे बँकेचे व्यवहार चालतात.

युरोपीय संघाने जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनांसाठी, विक्रीस ठेवणे बंद झाल्यावरही किमान पाच वर्षे दुरुस्त्या पुरविण्याचे बंधन घातले आहे. आपल्या सरकारनेही तसेच बंधन घालावे आणि ही मुदत खोक्यावर ठळकपणे छापावयास लावावी, अशी आमची मागणी आहे. ग्राहकांनीही आलेली दुरुस्ती ‘उद्या पाहू’ म्हणून ढकलू नये. पाऊस कोणाच्या सवडीची वाट पाहत नाही!