उच्च तापमानाचे अतिसंवाहक आणि ध्वनीची साक्ष

1986 साली झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना लॅन्थॅनम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडात सुमारे 30 केल्विनला विद्युत्‌रोध लोप पावू लागल्याचे आढळले, आणि पुढच्याच वर्षी इट्रियमयुक्त ऑक्साइडाने ही मर्यादा 90 केल्विनच्या पलीकडे नेली, तेव्हापासून या पदार्थांचा लौकिक सर्वत्र पसरला. परंतु त्यांच्या तपासात ध्वनीने बजावलेल्या कामगिरीविषयी विज्ञानप्रेमी वाचकांतही काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : उच्च तापमानाचा अतिसंवाहक म्हणजे तापलेला पदार्थ.
वस्तुस्थिती : इट्रियमयुक्त ऑक्साइड अतिसंवाहक होतो तो 92 केल्विनला, म्हणजे शून्याखाली सुमारे 181 अंश सेल्सिअसला. ज्या पाऱ्यात कामरलिंग ओनेस यांना 1911 साली हा गुण प्रथम दिसला, तो 4.2 केल्विनपर्यंत थंड करावा लागला होता; त्या मानाने हे तापमान उच्च, आणि द्रव नायट्रोजन 77 केल्विनला उकळत असल्याने येथे महागड्या द्रव हेलियमवाचून निभते.

गैरसमज : अतिसंवाहकता हा केवळ विजेचा विषय, ध्वनीचा तिच्याशी संबंध नाही.
वस्तुस्थिती : घन पदार्थातील ध्वनीच्या वेगाचा वर्ग घनतेने गुणला की स्थितिस्थापकतेचा गुणांक मिळतो. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमून अतिसंवाहक अवस्था येते, तेव्हा पदार्थाच्या ऊर्जेचा सारा ताळेबंद बदलतो आणि त्याची नोंद या गुणांकातही उमटते. हा बदल अतिशय सूक्ष्म, दशलक्षांशांत मोजण्याजोगा असतो. परंतु श्राव्यातीत ध्वनीच्या मापनाला तेवढी सूक्ष्मता साधते, आणि नमुन्याला कसलीही इजा होत नाही.

गैरसमज : ध्वनी सर्वत्र एकाच प्रकारचा असतो.
वस्तुस्थिती : घन पदार्थात ध्वनीचे प्रकार वेगवेगळे असतात, याचा दाखला सातारा जिल्ह्याला दुःखद रीतीने मिळाला आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा खडकांतून प्रथम धावले ते अनुतरंग, म्हणजे दाब-विरळपणाच्या लहरी, आणि मागाहून पोहोचले ते खडकाला आडवे हलविणारे अवतरंग. प्रयोगशाळेत हेच दोन प्रकार सेकंदाला लक्षावधी कंपनांनी स्फटिकात सोडले जातात. अतिसंवाहकतेच्या उंबरठ्यावर अनुतरंगाचा गुणांक एकाएकी किंचित घटतो, अवतरंगाच्या गुणांकाचा बहुधा केवळ उतार बदलतो. तेथेही जर अशीच उडी आढळली, तर जोड्यांची रचना एकाहून अधिक घटकांची असावी, असे अनुमान निघते. केवळ विद्युत्‌रोध मोजून या प्रश्नाचा निकाल लागत नाही.

गैरसमज : वेग एकदा मोजला की पदार्थाची स्थितिस्थापकता कळली.
वस्तुस्थिती : मिरजेच्या वाद्यकारागिराच्या हाती आलेला भोपळा नीट वाळलेला आणि एकजीव असेल तर टिचकीला खणखणीत बोलतो, तडा गेलेला असेल तर बद्द वाजतो, तसाच भट्टीत 900 अंशांच्या वर भाजलेल्या ऑक्साइडाच्या वडीचा आवाजही तिच्यातील छिद्रांवर अवलंबून असतो. पोकळ्यांमुळे वेग घटतो, म्हणून त्यांचा हिशेब वजा करावा लागतो. ऑक्सिजनचे प्रमाण बदलले तर स्फटिकाची रचनाच पालटते. यास्तव जाणकार एकसंध स्फटिकाचा आग्रह धरतात आणि तो इवलासा असल्याने त्याच्या अंगभूत कंपनसंख्याच अनुस्पंदनाने मोजतात. 2013 साली लॉस अलामोसच्या संशोधकांनी याच रीतीने इट्रियमयुक्त ऑक्साइडात अतिसंवाहकतेच्याही वरच्या तापमानाला, ‘स्यूडोगॅप’ या गूढ अवस्थेच्या सीमेवर, खऱ्याखुऱ्या अवस्थांतराच्या खुणा नोंदविल्या.

द्रवातील श्राव्यातीत ध्वनीचा वेग मोजण्याचा प्रयोग आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत होतो. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याने तो केवळ वही भरण्यासाठी न उरकता, घनता आणि वेग या दोन राशींतून पदार्थाचे अंतरंग कसे उलगडते हे समजून करावा. कारण आधुनिक भौतिकीतील एका बिकट कोड्याचा तपास याच सूत्राच्या आधारे आजही चालू आहे.