खरेदी : धंद्याचे दुर्लक्षित अंग

पदवीनंतर पुढे काय, असे आपल्या मुलामुलींना विचारले की उत्तरे ठरलेली येतात. कोणी स्पर्धा परीक्षा म्हणतो, कोणी बँक, कोणी बी.एड., तर कोणी संगणक. ‘मला परचेस खात्यात काम करायचे आहे’ असे सांगणारा विद्यार्थी मात्र आम्हाला आजवर भेटलेला नाही. वास्तविक कारखाना असो, रुग्णालय असो की वसतिगृह, माल विकत घेतल्यावाचून कोणाचाच दिवस उजाडत नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. हा विषय आम्ही वर्गात शिकलो नाही. बँकेत कॅश क्रेडिट खातेदारांची स्टॉक स्टेटमेंटे वर्षानुवर्षे तपासताना तो हळूहळू उमगत गेला.

प्रथम एक साधा हिशोब पाहू. एका लघुउद्योगाची वार्षिक विक्री 1 कोटी रुपये आहे. त्यातले 60 लाख कच्चा माल व सुटे भाग घेण्यात जातात. पगार, वीज, भाडे, व्याज वजा जाता 8 लाख नफा उरतो. आता खरेदीत नीट लक्ष घालून शेकडा 5 रुपये वाचवले, तर 3 लाख वाचतात आणि ते सरळ नफ्यात पडतात. हेच 3 लाख विक्री वाढवून मिळवायचे तर, नफ्याचे प्रमाण तेच धरल्यास, साडेसदतीस लाखांची जादा विक्री करावी लागेल. त्यासाठी किती गिऱ्हाइकांचे उंबरठे झिजवावे लागतील याचा विचार वाचकांनीच करावा. तरीही मालक सेल्समनला मोटारसायकल देतो आणि खरेदीचे काम फावल्या वेळात स्वतःच उरकतो!

परंतु वाचवणे म्हणजे स्वस्त घेणे, असा समज करून घेऊ नये. ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. मंडळाच्या सभागृहासाठी 200 खुर्च्या घेण्याच्या समितीत आम्ही होतो. तीन कोटेशने आली. सर्वांत कमी दर 40 रुपयांनी खाली होता. आठ हजार रुपये वाचले म्हणून सभेत टाळ्याही पडल्या. वर्षभरात त्यांतल्या साठएक खुर्च्यांचे पाय तडकले. आम्ही भाव पाहिला. खुर्चीचे वजन, हमी, मोडल्यास बदलून देण्याची अट, यांपैकी काहीच लिहून घेतले नव्हते. वाहतूक, नासधूस, दुरुस्ती व टिकाऊपणा धरून जो आकडा येतो तोच वस्तूचा खरा खर्च. बिलावरची किंमत हा त्याचा केवळ एक भाग असतो.

दुसरी चूक आम्ही बँकेत वारंवार पाहतो. पुरवठादार म्हणतो, ‘वर्षाचा माल एकदम उचला, शेकडा 4 सूट देतो.’ 12 लाखांवर 48 हजारांची सूट ऐकून खातेदार हरखून जातो. पण हा माल वर्षभरात थोडाथोडा संपणार, म्हणजे सरासरी 6 लाख रुपये गोदामात अडकून पडणार. 12 टक्के दराने त्यांचे व्याज झाले 72 हजार. तोच माल दरमहा लाखाचा आणला असता तर सरासरी साठा 50 हजारांचा व व्याज अवघे 6 हजार. म्हणजे 48 हजार वाचवण्यासाठी 66 हजार जादा मोजले. गंज, उंदीर आणि बदललेली मागणी यांचा हिशोब वेगळाच. अशा एका होतकरू तरुणाचे खाते थकीत झालेले आम्ही पाहिले आहे. धंदा बुडाला नव्हता, पैसा रॅकवर पडून होता.

उलट बाजूने माल संपला तर यंत्रे थांबतात. म्हणून पुन्हा मागणी केव्हा करायची याचा एक साधा नियम आहे. रोज 20 किलो माल लागतो आणि ऑर्डर दिल्यापासून तो यायला 7 दिवस लागतात. मग 140 किलो तर हवाच, शिवाय ट्रक अडकला तर 3 दिवसांचा, म्हणजे 60 किलो, राखीव हवा. साठा 200 किलोवर आला की ऑर्डर गेलीच पाहिजे. आपल्या घरातील आई-आजी तांदळाच्या डब्याबाबत हेच करीत आल्या आहेत, फक्त त्यांनी त्याला नाव दिले नाही.

नव्याने या खात्यात शिरणाऱ्याला बहुधा परचेस असिस्टंट किंवा स्टोअर्समधील काम मिळते. विभागाकडून इंडेंट येतो, त्यावरून कोटेशने मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, मंजुरीनंतर परचेस ऑर्डर काढायची आणि माल येईपर्यंत पाठपुरावा करायचा. बिल आले की ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल हे तिन्ही कागद जुळल्याशिवाय ते पुढे पाठवायचे नाही. काम रुक्ष वाटेल, पण माणूस बाजार शिकतो तो इथेच. दिवाळीत मिठाईच्या खोक्याखाली पाकीटही येते. ते पहिल्या वर्षीच परत करावे, दुसऱ्या वर्षी फार उशीर झालेला असतो. पद्धतशीर शिक्षण हवे असल्यास इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट ही संस्था अभ्यासक्रम चालवते.

टेबलाच्या पलीकडची बाजूही, म्हणजे पुरवठादार होणे, आपल्या तरुणांनी पाहावी. सरकारी कंत्राटांत आपल्याला वाटा नाही, हे गाऱ्हाणे बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात मांडले होते. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी खरेदीचा ठरावीक वाटा सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यायचा असतो. पुढे तो 25 टक्के झाला. त्यातच 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून व 3 टक्के महिलांकडून घ्यावयाचे आहेत. प्रत्यक्षात अनेक वर्षे खरेदी या 4 टक्क्यांच्या खालीच राहिली. यात खात्यांची उदासीनता आहेच, पण नोंदलेले पुरवठादारही कमी पडतात, हे आम्हाला नमूद करावेसे वाटते. ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते. सरकारी खरेदीचे ‘जेम’ हे संकेतस्थळ 2016 पासून सुरू आहे. पात्र लघुउद्योगांना निविदेत बयाणा रकमेची सूटही आहे.

बिल थकले तरी हात बांधलेले नाहीत. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघुउद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. मात्र माल दिल्याचे चलन सही-शिक्क्यानिशी जपून ठेवलेले असावे.

खुर्च्यांचा विषय मंडळाच्या पुढील सभेत पुन्हा येत आहे. या वेळी तिन्ही दुकानदारांचे नमुने सभागृहात मांडून ठेवावेत आणि तुलनात्मक तक्ता दोन विद्यार्थ्यांनी तयार करून सभेपुढे वाचून दाखवावा, अशी आमची सूचना आहे.