अब्बांनी बांधलेलं इंजिन

आमच्या घरात माणसं सात आणि गाडीत जागा दोन. त्यामुळे ही गाडी घरात आणलीच कशाला, हा भाबींचा प्रश्न रास्त होता. त्याचं नीट उत्तर आम्हाला आजही देता येत नाही. बर्मिंगहॅममध्ये आमच्याच गल्लीतल्या एका वृद्ध शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये ती वीस वर्षं धूळ खात उभी होती. 1971 ची एमजीबी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. त्यांना घर विकायचं होतं. आम्ही तिघा भावंडांनी पैसे घातले आणि ढकलत ढकलत ती आमच्या दारात आणली.

त्याच महिन्यात अब्बा चिपळूणहून आले. अम्मीच्या इंतकालानंतर ते पहिल्यांदाच घराबाहेर पडत होते. पाहुण्यांच्या व्हिसावर इथे फार तर सहा महिने राहता येतं. पहिले तीन आठवडे ते खिडकीशी बसून राहिले. बाहेर थंडी, भाषा कळत नाही, मुलं-सुना दिवसभर कामावर. जेवलात का विचारलं की "जेवलो" म्हणायचे, आणि स्वयंपाकघरात ताट झाकलेलंच सापडायचं.

चौथ्या रविवारी आम्ही गाडीचं बॉनेट उघडलं. अब्बा शाल लपेटून मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "हे तर ॲम्बेसेडरचं इंजिन आहे."

आम्ही हसलो. हसायला नको होतं, कारण ते बरोबर बोलत होते. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये त्यांची चाळीस वर्षं गेली. सरकारी ॲम्बेसेडर आणि टॅक्स्या त्यांच्या हाताखालून गेल्या. ॲम्बेसेडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिच्यात 1959 पासून जे पेट्रोल इंजिन बसू लागलं ते बीएमसीच्या 'बी सिरीज'चं. (मुंबईकरांची बीएमसी नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन.) एमजी म्हणजे तरी काय, मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात एमजीबी बनली, तीही याच घराण्याच्या इंजिनावर. ॲम्बेसेडरचं इंजिन 1489 सीसीचं, हिचं 1798 सीसीचं. सिलिंडर रुंद केलेले, पण पिस्टनची चाल दोन्हीकडे तीच, साडेतीन इंच. कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात बनलेली जाडजूड ॲम्बेसेडर आणि ही चपटी, लाल, दिखाऊ गाडी यांचं असं नातं असेल हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्या संध्याकाळी अब्बांनी पोटभर जेवून घेतलं आणि विचारलं, "पाने इंची आहेत ना? मिलिमीटरचे चालायचे नाहीत."

इंजिन उचलायची क्रेन आम्ही शनिवार-रविवारपुरती भाड्याने आणली. रेडिएटर, कार्ब्युरेटर, वायरी असं एकेक सोडवत गिअरबॉक्ससकट इंजिन बाहेर काढलं. अब्बांचा शिरस्ता असा, की सुटलेला प्रत्येक नट त्याच्या डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी. पुशरॉडसाठी त्यांनी पुठ्ठ्याला आठ भोकं पाडली. जो जिथून निघाला तो तिथेच परत गेला पाहिजे. धाकट्याने रॉकर शाफ्ट काढायला पाना लावला तेव्हा अब्बांनी त्याचा हात धरला. "आधी पाणी काढलंस का?" या इंजिनात रॉकरचे पाय हेडच्याच स्टडवर बसवलेले असतात. ते सैल केले की हेडची पकड सुटते आणि पाणी आत उतरतं. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. आमच्या वाचनातून सुटलं होतं.

आमची मोठी चूक मात्र आधीच होऊन गेली होती. सिलिंडर झिजलेले असणार हे धरून, काहीच न मोजता, आम्ही 20 थाउ ओव्हरसाइज पिस्टन मागवून ठेवले होते. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. अब्बांनी सिलिंडरच्या वरच्या कडेवरून नख फिरवलं, कडा नखाला अडली, आणि म्हणाले, "ह्यात वीस पुरणार नाहीत." लेथवाल्याने मापं घेतली, तर 30 थाउंचं बोअरिंग करावं लागणार होतं. पिस्टन परत पाठवण्यात एक महिना गेला. सहांपैकी एक महिना.

त्या महिन्यात हेडचं काम उरकलं. ब्रिटनमध्ये शिसंयुक्त पेट्रोलची विक्री 2000 सालापासून बंद झाली. जुन्या ओतीव लोखंडी हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचंच संरक्षण असे, म्हणून आम्ही तिथे कडक पोलादाच्या नव्या बैठकी बसवून घेतल्या. हे अब्बांना पटलं नाही. खर्च ऐकून तर अजिबातच नाही.

ब्लॉक परत आल्यावर अब्बा स्टुलावर बसले आणि आम्ही त्यांचे हात झालो. त्यांच्या बोटांना आता कंप आहे. बारीक अक्षर दिसत नाही. ॲम्बेसेडरचा क्रँक तीन बेअरिंगांवर फिरतो, हिचा पाचांवर. पाच बघून ते खूश झाले, "साहेबांनी स्वतःसाठी बरी ठेवली." मधल्या बेअरिंगला चंद्रकोरीसारखे चार थ्रस्ट वॉशर लागतात. तेलाच्या खाचा क्रँककडे हव्यात. थोरल्याने एक उलटा बसवला. अब्बांनी अंगठा फिरवला आणि न बघताच सांगितलं, "एक उलटा आहे." तसंच चाललं असतं तर काही दिवसांत सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं.

इकडे आपा आणि भाबींनी गाडीचा आतला भाग हाती घेतला होता. ज्या भाबींनी प्रश्न विचारला होता त्याच. कार्पेट उचललं तर खाली चिकटवलेल्या आवाजरोधक तक्त्यांनी पाणी धरून ठेवलेलं, आणि त्याखाली पत्र्याला तळहाताएवढं भोक. या गाडीला वेगळी चासी नाही, तळ आणि बाजूचे पत्रे हाच तिचा कणा. म्हणून तिथलं वेल्डिंग आम्ही घरी केलं नाही, कारागिराकडून करून घेतलं. सीटमागच्या फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या निघाल्या. मुलांना त्याचीच गंमत सगळ्यात जास्त.

सीटच्या खोळी उसवून त्यांचेच तुकडे भाबींनी नमुना म्हणून वापरले. काळं रेक्झिन, शिवणीत गोट. घरच्या मशीनवर गोटाचे चार थर सुईखाली जाईनात. तीन सुया मोडल्यावर तो भाग हाताने शिवला. नवी खोळ फोमवर चढेना, तेव्हा आपाने केस वाळवायच्या यंत्राने रेक्झिन गरम केलं, आणि ते मऊ होऊन सरळ बसलं. डॅशबोर्डचा पत्रा सुरकुतलेल्या काळ्या रंगाचा असतो. तो रंग आमच्याकडून दोनदा बिघडला आणि तिसऱ्यांदा बरा आला. बरा म्हणजे लांबून.

अब्बांच्या विमानाला नऊ दिवस उरले असताना इंजिन गाडीत बसलं. टॅपेट लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी पुस्तक मिटायला लावलं. "नऊचा हिशेब. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला लावायचा. सहावा उघडा, तर तिसरा. बेरीज नऊ." आठ व्हॉल्व्ह, प्रत्येकाला 15 थाउंची फट. फीलर गेजची पट्टी किती अडावी, हे मात्र बेरजेने कळत नाही. ते त्यांनी आमची बोटं धरून शिकवलं.

प्लग काढून, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत इंजिन नुसतं फिरवलं. मग प्लग लावले. अब्बांनी बिस्मिल्लाह म्हणून किल्ली फिरवली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा कार्ब्युरेटरमधून भडका आणि आपाची किंकाळी. प्लगच्या दोन वायरी आम्ही उलट लावल्या होत्या. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. नवा कॅमशाफ्ट असला की पहिली वीस मिनिटं इंजिन मंद होऊ द्यायचं नसतं, 2000 फेऱ्यांच्या वर धरायचं असतं. ती वीस मिनिटं अब्बा एकटेच आत बसून होते, पाय ॲक्सिलरेटरवर. शेजाऱ्याची सीट अजून तयार नव्हती. तिथे पुठ्ठ्याचा खोका होता.

गाडी रस्त्यावर यायला पुढे दोन महिने लागले. तोवर अब्बा चिपळूणला पोहोचले होते. या गाडीत ते एक मैलही बसले नाहीत.

500 मैल झाले की हेडचे नट पुन्हा आवळून टॅपेट तपासायचे, असं ते सांगून गेले होते. गेल्या जुम्याला फोनवर विचारलं, "झाले का मैल?" झाले होते. काम उरकून आम्ही गाडी सुरू केली, फोन मडगार्डवर ठेवला. चिपळूणला तेव्हा रात्र होती, पावसाचा आवाज येत होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"तीन नंबर वाजतोय," म्हणाले. "बंद करा. थंड होऊ द्या. सहावा उघडा ठेवून बघा."

आम्ही पट्टी घातली. तीन नंबरची फट 18 थाउ निघाली.